वातावरणीय दाबावरील प्लाझ्मा: वायूचे तापमान ताब्यात ठेवण्याची रीत

जानेवारीत सकाळी अकरा वाजता सोयाबीनच्या दाण्यांवर बिनबोभाट चालणारा प्लाझ्मा जेट (नोझलमधून बाहेर येणारा आयनीभूत वायूचा झोत) मे महिन्यात दुपारी त्याच व्होल्टेजवर आणि तितक्याच आर्गॉनवर चालवला, की शेजारची पॉलिथिनची पट्टी सुरकुतते आणि विद्यार्थी पॉवर सप्लायला दोष देऊ लागतात. छत्रपती संभाजीनगरच्या आमच्या प्रयोगशाळेत हे एकदा नव्हे, अनेकदा घडले आहे. पॉवर सप्लाय निर्दोष होता. सिलिंडर मात्र पश्चिमेच्या व्हरांड्यात उभे होते आणि पत्र्याखालून येणारी वायूची नळी दुपारी हाताला चटका देत होती. जानेवारीत वीस-बावीस अंशांनी आत शिरणारा वायू मे महिन्यात चाळीशी ओलांडून शिरत होता आणि तेवढीच वाढ नोझलच्या तोंडाशी दिसत होती. प्रयोग वर्षभर सारखा चालावा असे वाटत असेल, तर वायूचे तापमान स्वतंत्रपणे मोजावे आणि स्वतंत्रपणेच राखावे लागते. हे काम महाविद्यालयीन प्रयोगशाळेच्या आवाक्यात कसे बसवता येते, ते या लेखात क्रमाने मांडले आहे.

कोणते तापमान?

वातावरणीय दाबावरील शीत प्लाझ्मामध्ये एकाच जागी अनेक तापमाने नांदत असतात. इलेक्ट्रॉनांची ऊर्जा साधारण १ ते २ इलेक्ट्रॉन-व्होल्ट असते, आणि १ इलेक्ट्रॉन-व्होल्ट म्हणजे सुमारे ११,६०० केल्विन. नायट्रोजनच्या रेणूंचे कंपन-तापमान दोन-तीन हजार केल्विनपर्यंत जाऊ शकते. तरीही जेटखाली बोट धरता येते, कारण वायूचे अणुरेणू ज्या वेगाने इकडेतिकडे धावतात, त्यावरून ठरणारे तापमान खोलीच्या तापमानाच्या आसपास असते. इलेक्ट्रॉन हलके असल्याने एका टकरीत ते जड अणूला फारच थोडी ऊर्जा देतात. मात्र वातावरणीय दाबावर अशा टकरी अफाट संख्येने होतात, त्यामुळे वायू तापायचा राहत नाही. या लेखात ‘वायूचे तापमान’ म्हणजे अणुरेणूंच्या धावण्याचे हे तापमान.

ते बदलले की काय बदलते, हे आधी नीट पाहावे, कारण पुढच्या सगळ्या खटाटोपाचे कारण तेच आहे. दाब स्थिर असेल तर वायूची कणघनता तापमानाच्या व्यस्त प्रमाणात बदलते. ३०० केल्विन आणि १ वातावरण दाब असताना एका घनमीटरमध्ये सुमारे २.४५ × १०^२५ कण असतात, तर २०० केल्विनला त्याच जागेत त्यांची संख्या दीडपट होते. इलेक्ट्रॉनाला दोन टकरींच्या मध्ये किती ऊर्जा मिळते, हे विद्युतक्षेत्र भागिले कणघनता या गुणोत्तरावर अवलंबून असते. म्हणून वायू तापला की व्होल्टेजला हात न लावताही हे गुणोत्तर वाढते, आयनीभवन वाढते, प्रवाह वाढतो आणि वायू आणखी तापतो. हे चक्र एखाद्या जागी सुरू झाले की तिथे धगधगीत तंतू तयार होतो आणि मऊ चमक ठिणगीत बदलते. (आमचे शहर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरांहून अधिक उंचीवर आहे, त्यामुळे इथला हवेचा दाब मुळातच सहा-सात टक्क्यांनी कमी. किनाऱ्यावरच्या प्रयोगशाळेतील व्होल्टेजचे आकडे इथे जसेच्या तसे जुळले नाहीत, तर नवल वाटू नये.)

रसायनाचा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा आहे. ऑक्सिजनचा अणू आणि ऑक्सिजनचा रेणू तिसऱ्या कणाच्या साक्षीने एकत्र येऊन ओझोन तयार होतो. ही अभिक्रिया थंड वायूत वेगाने होते. उलट, वायू तापला की ओझोनचे विघटन वाढते आणि हवेच्या प्लाझ्मात नायट्रोजनची ऑक्साईडे त्याची जागा घेऊ लागतात. सीमेन्सने १८५७ साली ओझोन तयार करण्याचे विद्युत उपकरण मांडले. आजच्या ओझोन जनित्रांतही थंड करण्याची व्यवस्था गाभ्याची मानली जाते, ती याच कारणामुळे.

आता या लेखाचा मुख्य आग्रह. जेट गरम वाटला की बहुतेक जण पहिल्यांदा शक्ती कमी करतात. त्याने तापमान उतरते खरे, परंतु इलेक्ट्रॉनांची संख्या, क्रियाशील कणांचे प्रमाण आणि प्लाझ्माच्या शेंड्याची (नोझलबाहेर दिसणाऱ्या चमकत्या टोकाची) लांबी हे सगळे त्याबरोबर बदलते. नंतर प्लाझ्मा दिलेल्या दाण्यांच्या अंकुरणात फरक दिसला, तर तो उष्णतेमुळे पडला की रसायनामुळे, हे कोणीही सांगू शकत नाही. म्हणून शक्ती एका हाताने आणि तापमान दुसऱ्या हाताने फिरवता यावे, यासाठी वायू प्लाझ्मात शिरण्यापूर्वीच हव्या त्या तापमानाला आणून ठेवावा. जपानमधील टोकियो इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील (आता इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स टोकियो) संशोधकांनी तापमान-नियंत्रित प्लाझ्माचे असे स्रोत विकसित केले आहेत. तत्त्व साधे आहे: वायू आधी गरजेपेक्षा जास्त गार करायचा आणि मग हीटरने नेमका वर आणायचा.

पहिली पायरी: उष्णतेचा हिशोब

उपकरण विकत घेण्याआधी वहीत हिशोब करावा. एक मोल एकअणू वायूचे तापमान स्थिर दाबावर १ केल्विनने वाढवायला २०.८ ज्यूल लागतात, मग तो हेलियम असो वा आर्गॉन. ० अंश सेल्सिअस आणि १ वातावरण दाबाला मोजलेला १ लिटर प्रति मिनिट प्रवाह म्हणजे सेकंदाला सुमारे ०.०००७४४ मोल. दोन्हींचा गुणाकार येतो ०.०१५५ वॅट प्रति केल्विन. नायट्रोजन किंवा हवा असेल तर मोलमागे २९.१ ज्यूल धरावेत, म्हणजे लिटरमागे ०.०२१७ वॅट प्रति केल्विन.

इथे एक गैरसमज वारंवार भेटतो. हेलियमची विशिष्ट उष्णता आर्गॉनच्या दहापट आहे, म्हणून हेलियमचा प्लाझ्मा गार असतो, असे वर्गात सांगितले जाते. ती दहापट किलोमागे आहे, आणि प्रवाहमापक किलो दाखवत नाही, लिटर दाखवतो. लिटरमागे दोन्ही वायू सारखीच उष्णता वाहून नेतात. हेलियम गार राहतो तो त्याच्या उष्णता-वहनामुळे: खोलीच्या तापमानाला त्याची वाहकता मीटर-केल्विनमागे सुमारे ०.१५ वॅट, तर आर्गॉनची ०.०१८ वॅटच्या आसपास. हेलियम आपली उष्णता नळीच्या भिंतीला चटकन देऊन टाकतो. म्हणून हेलियमच्या जेटमध्ये भिंत गार ठेवणे फायद्याचे ठरते, तर आर्गॉनच्या जेटमध्ये येणारा वायूच गार करावा लागतो.

उदाहरण घेऊ. वायूमध्ये ८ वॅट उष्णता उतरते आणि नोझलच्या तोंडाशी ३० अंश सेल्सिअस हवे आहेत. आर्गॉन मिनिटाला ५ लिटर असेल तर उष्णताधारकता ०.०७८ वॅट प्रति केल्विन, म्हणजे वायू सुमारे १०३ अंशांनी तापणार आणि तो उणे ७३ अंशांना आत सोडावा लागणार. प्रवाह १५ लिटर केला तर वाढ ३४ अंशांवर येते आणि उणे ४ अंशांचा वायू पुरतो. पहिल्या स्थितीत द्रव नायट्रोजनशिवाय किंवा शुष्क बर्फाशिवाय निभाव लागणार नाही, तर दुसरीत बर्फ आणि मीठ पुरे.

मात्र प्रवाह वाढवण्यालाही मर्यादा आहे, आणि ती केवळ सिलिंडरच्या खर्चाची नव्हे. ४ मिलिमीटर व्यासाच्या नळीतून खोलीच्या तापमानाला मिनिटाला १० लिटर आर्गॉन सोडला तर रेनॉल्ड्स अंक ४,००० च्या आसपास जातो, म्हणजे प्रवाह खळाळू लागतो, बाहेरची हवा आत ओढली जाते आणि शेंडा आखूड होतो. तेवढ्याच हेलियमसाठी हा अंक ५०० च्या आत राहतो. वायू गार केला की घनता वाढते आणि श्यानता कमी होते, त्यामुळे हा अंक आणखी चढतो.

हिशोबातील ८ वॅट कुठून आणायचे, हा प्रश्न वाचकाच्या मनात आला असेलच. प्लाझ्मात खर्च होणारी एकूण शक्ती लिसाजू आकृतीवरून मोजावी. ही रीत मॅनली यांनी १९४३ मध्ये ओझोनायझरसाठी दिली. जमिनीकडच्या बाजूला १० नॅनोफॅरडचा चांगला फिल्म कपॅसिटर घालावा, त्यावरील व्होल्टेजवरून प्रभार काढावा, ऑसिलोस्कोपवर प्रभार आणि लावलेले व्होल्टेज यांची आकृती उमटवावी आणि तिच्या क्षेत्रफळाला वारंवारतेने गुणावे. यातला किती वाटा वायूत उतरतो, हे मात्र प्रत्येक उपकरणात वेगळे असते. म्हणून प्लाझ्मा बंद आणि चालू असताना नोझलच्या तोंडाशी तापमानात पडणारा फरक मोजावा आणि त्याला वरच्या उष्णताधारकतेने गुणावे. येणारा आकडा म्हणजे वायूत उतरलेली शक्ती. हे मोजमाप दोन-तीन प्रवाहांवर करून पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये.

दुसरी पायरी: वायू कोरडा करणे आणि नळ्या जोडणे

गार करण्याच्या वाटेवर ओलावा हा सर्वांत त्रासदायक शत्रू आहे. वायूतील थोडीशी वाफही गार करणाऱ्या नळीच्या गुंडाळीत बर्फ होऊन साचते आणि तासाभरात प्रवाह मंदावतो. सिलिंडरनंतर ३ए किंवा ४ए आण्विक चाळणीने भरलेली वाळवणी नळी जोडावी. सिलिकॉन रबराची नळी मऊ आणि सोयीची असली, तरी तिच्या भिंतीतून बाष्प आत झिरपते, म्हणून टेफ्लॉन किंवा तांब्याची नळी वापरावी. थंडावा सुरू करण्यापूर्वी पंधरा-वीस मिनिटे नुसता वायू वाहू द्यावा.

रोटामीटर (आतल्या गोळ्याच्या उंचीवरून प्रवाह दाखवणारी नळी) नेहमी गुंडाळीच्या आधी, खोलीच्या तापमानाला ठेवावा. तो हवेसाठी अंकित केलेला असेल, तर वाचन आर्गॉनसाठी ०.८५ ने आणि हेलियमसाठी सुमारे २.७ ने गुणावे लागते. वस्तुमान-प्रवाह नियंत्रक असेल तर त्याचा ‘प्रमाणित लिटर’ ० अंशांचा की २० अंशांचा, हे पुस्तिकेत पाहून घ्यावे. तेवढ्यानेच सात टक्क्यांचा फरक पडतो.

तिसरी पायरी: गार करणे

मराठवाड्याच्या उन्हाळ्यात सर्वांत स्वस्त आणि बिनधोक साधन म्हणजे पॉट आइस्क्रीमवाल्याची रीत. बर्फाच्या लादीचा चुरा तीन भाग आणि जाडे मीठ एक भाग असे मिश्रण थर्माकोलच्या पेटीत भरले, की उणे १५ ते उणे २० अंशांपर्यंत सहज उतरता येते. तत्त्वतः शेवटची मर्यादा उणे २१ अंशांची. ६ मिलिमीटर बाह्यव्यासाच्या तांब्याच्या नळीची तीन मीटर लांबीची गुंडाळी यात बुडवावी. उष्णता-वहनाच्या हिशोबाने मीटरभर नळीही पुरते, पण बर्फ वितळताना गुंडाळीभोवती पोकळ्या पडतात, म्हणून जास्तीची लांबी उपयोगी ठरते. १५ लिटर आर्गॉन ४० अंशांवरून उणे १५ अंशांवर आणायला सुमारे १३ वॅट लागतात. बर्फाची वितळण-उष्णता किलोला ३३४ किलोज्यूल आहे, त्यामुळे कागदावर तासाला दीडशे ग्रॅमही बर्फ लागत नाही. प्रत्यक्षात पेटीच्या भिंतीतून शिरणारी उष्णता याच्या कितीतरी पट असते, म्हणून दुपारभराच्या कामासाठी पाच किलो बर्फ आणून ठेवावा. चाळण ठेवून खारे पाणी वेळोवेळी काढत राहावे.

पेल्टिअर पट्ट्या (वीज दिली की एक बाजू गार आणि दुसरी गरम होणाऱ्या) वापरायच्या तर त्यांची गरम बाजू कशी गार ठेवणार, यावर सगळे अवलंबून आहे. एकपदरी पट्टीच्या दोन बाजूंतील तापमानाचा कमाल फरक ६५ अंशांच्या आसपास असतो, आणि तेवढ्या फरकाला ती उष्णता जवळजवळ उपसतच नाही. मे महिन्यात पंख्याने गार केलेली गरम बाजू ५० अंशांवर जाते, मग थंड बाजूकडून उणे १५ ची अपेक्षा करणे व्यर्थ. यावर आम्ही वापरलेला उपाय म्हणजे डेझर्ट कूलरच्या टाकीतील पाणी. उन्हाळ्यात आपल्याकडची हवा इतकी कोरडी असते, की चाळीस-एक्केचाळीस अंशांच्या दुपारीही कूलरमधून फिरणारे पाणी बावीस-चोवीस अंशांवर राहते. हे पाणी छोट्या पंपाने पट्टीच्या गरम बाजूच्या ठोकळ्यातून फिरवले, की फरक ४५ अंशांवर येतो आणि दोन पट्ट्यांत काम भागते. पावसाळ्यात ही युक्ती तितकी चालत नाही, पण तेव्हा खोलीही तापलेली नसते.

उणे ३० अंशांच्या खाली जायचे असेल तर शुष्क बर्फाकडे किंवा द्रव नायट्रोजनकडे वळावे लागते. मराठवाड्यात द्रव नायट्रोजन वाटतो तितका दुर्मीळ नाही. गायी-म्हशींच्या कृत्रिम रेतनासाठी गोठित रेतमात्रा उणे १९६ अंशांच्या द्रव नायट्रोजनमध्येच ठेवतात, आणि त्याच्या ॲल्युमिनियमच्या बरण्या तालुक्यातालुक्यांत पोहोचतात.

परंतु गुंडाळी थेट द्रव नायट्रोजनमध्ये बुडवण्यापूर्वी आमची चूक वाचून घ्यावी. आर्गॉन ८७.३ केल्विनला द्रव होतो आणि ८३.८ केल्विनला गोठतो, तर द्रव नायट्रोजन ७७.४ केल्विनला उकळतो. हे आकडे भिंतीवरच्या तक्त्यात असूनही आम्ही पहिल्या वेळी आर्गॉनची गुंडाळी सरळ बुडवली. रोटामीटरचा गोळा आधी चढला, कारण आत वायूचा द्रव होत होता आणि सिलिंडरमधून आणखी वायू ओढला जात होता. मग गोळा हळूहळू तळाशी बसला. नळी गोठली हे लक्षात येताच एकाने गुंडाळी वर उचलली. दहा-बारा सेकंद काहीच झाले नाही आणि मग पलीकडची नळी जोडातून फटकन सुटून टेबलावर सापासारखी वळवळली. एक लिटर द्रव आर्गॉनपासून आठशेहून अधिक लिटर वायू होतो. डोळ्यांवर चष्मे होते, म्हणून गोष्ट हसण्यावारी गेली.

म्हणून आर्गॉन, नायट्रोजन किंवा हवा वापरताना गुंडाळी द्रवाच्या पृष्ठभागाच्या वर, थंड वाफेत टांगावी आणि तिची उंची कमी-जास्त करून थंडावा ठरवावा. नायट्रोजन वायूही सिलिंडरच्या वाढीव दाबामुळे द्रव नायट्रोजनमध्ये द्रवरूप होऊ शकतो. ऑक्सिजन ९०.२ केल्विनला द्रव होतो आणि द्रव ऑक्सिजन सेंद्रिय पदार्थांशी स्फोटकपणे वागतो, त्यामुळे ऑक्सिजन मिसळलेला वायू या वाटेने मुळीच गार करू नये. ऑक्सिजन हवाच असेल, तर तो गुंडाळीनंतर, नोझलच्या जवळ मिसळावा. थेट बुडवण्याची मोकळीक फक्त शुद्ध हेलियमला आहे. गुंडाळीच्या दोन्ही बाजूंना दाबमुक्तीची झडप असावी, द्रवाच्या भांड्याचे तोंड कधीही घट्ट बंद करू नये, आणि खोलीच्या खिडक्या उघड्या ठेवाव्यात, कारण एक लिटर द्रवापासून तयार होणारा सुमारे सातशे लिटर नायट्रोजन लहान बंद खोलीतील प्राणवायू कोणाच्याही लक्षात न येता कमी करतो.

चौथी पायरी: हीटर आणि पीआयडी कंट्रोलर

बर्फाची पेटी असो वा द्रव नायट्रोजन, थंडाव्याचा हात जड असतो, तो सेकंदासेकंदाला फिरवता येत नाही. हीटरचा हात हलका असतो. म्हणून थंडावा गरजेपेक्षा दहा-वीस अंश जास्त ठेवून स्थिर सोडावा आणि नेमकेपणा हीटरकडे द्यावा. १५ लिटर आर्गॉन २० अंशांनी चढवायला ५ वॅटही लागत नाहीत. पितळी ठोकळ्यात बसवलेला २५ ते ५० वॅटचा कार्ट्रिज हीटर पुरतो. ठोकळ्यातून वायूसाठी दोन-तीन भोके आरपार पाडावीत. हीटरला वीज सॉलिड स्टेट रिलेमार्फत द्यावी आणि पीआयडी कंट्रोलरला (हव्या असलेल्या आणि मोजलेल्या तापमानातील फरकावरून हीटरची वीज आपोआप कमी-जास्त करणाऱ्या यंत्राला) पीटी-१०० हा प्लॅटिनमचा तापमान-संवेदक जोडावा. संवेदक ठोकळ्यात खुपसू नये, ठोकळ्यातून बाहेर पडलेल्या वायूत ठेवावा. ठोकळ्याचे तापमान राखले की कंट्रोलरवरचा आकडा सुंदर स्थिर दिसतो आणि वायू मात्र भलत्याच तापमानाला वाहत असतो.

कंट्रोलरचे स्वयं-समायोजन प्लाझ्मा बंद ठेवून, पण वायू अंतिम प्रवाहावर वाहता असताना करावे. प्रवाह बदलला तर ते पुन्हा करावे. वायू थांबला तर हीटर आपोआप बंद होईल, असा प्रवाह-स्विच हवाच. भारनियमनानंतर वीज परत येते तेव्हा कंट्रोलर आधी जागा होतो आणि वायूचा सोलेनॉइड व्हॉल्व्ह हाताने चालू करायचा असल्याने बंदच राहतो. त्या मधल्या मिनिटात हीटर जळतो.

आणखी एक गोष्ट पुस्तकात क्वचित सापडते. उच्च व्होल्टेजचा इलेक्ट्रोड आणि त्यामागचा धातूचा ठोकळा यांच्यात वायूने भरलेली नळी असते, आणि आर्गॉन किंवा हेलियममध्ये प्लाझ्मा पुढे जितक्या आनंदाने धावतो, तितक्याच आनंदाने मागे, जमिनीला जोडलेल्या ठोकळ्याकडेही धावतो. मग संवेदकाचे वाचन भिरभिरते आणि शक्तीचा हिशोब चुकतो. ठोकळा आणि इलेक्ट्रोड यांच्यात किमान पंधरा-वीस सेंटिमीटर टेफ्लॉनची नळी ठेवावी आणि खोलीतले दिवे घालवून मागच्या बाजूला निळसर-जांभळी रेघ दिसते का ते पाहावे. या मधल्या नळीवर एसीच्या पाइपवर चढवतात ते काळे नायट्राईल रबराचे आवरण चढवावे, नाहीतर कमावलेला थंडावा वाटेतच संपतो.

पाचवी पायरी: भिंत आणि इलेक्ट्रोड

क्वार्ट्झची नळी उष्णता फार कमी वाहून नेते, तिची वाहकता मीटर-केल्विनमागे सुमारे १.४ वॅट, तर ॲल्युमिनाची पंचवीस-तीस. दीर्घकाळ चालणाऱ्या उपकरणात ॲल्युमिना सरस ठरते. तिच्यातून आतला प्लाझ्मा दिसत नाही, हा तोटा. पाण्याचे आवरण द्यायचे तर ते जमिनीला जोडलेल्या इलेक्ट्रोडलाच द्यावे आणि पाणी ऊर्ध्वपातित घ्यावे. बोअरचे पाणी इथे इतके जड, की महिन्या-दोन महिन्यांत वाहिन्यांमध्ये पांढरा थर बसतो.

पावसाळ्यात वेगळीच पंचाईत होते. श्रावणात आपल्याकडे दवबिंदू वीस अंशांच्या वर असतो, त्यामुळे ५ अंशांचे नोझल क्षणात घामेजते. आधी काच धुरकट होते, मग दोन इलेक्ट्रोडांच्या मधल्या पट्ट्यात बारीक थेंब उभे राहतात, ते एकमेकांत मिसळतात आणि त्या ओल्या वाटेवरून बाहेरच्या बाहेर ठिणगी सरकते. एकदा काचेवर काळी रेघ उमटली, की ती नळी बदलावीच लागते. यावर उपाय म्हणजे नोझलभोवती रुंद नळी बसवून तिच्यातून मिनिटाला दोन-तीन लिटर कोरडी हवा किंवा नायट्रोजन सोडणे. त्याने बाहेरची दमट हवा जेटमध्ये ओढली जाण्याचे प्रमाणही कमी होते.

सहावी पायरी: मोजणे

लोक सर्वाधिक फसतात ते इन्फ्रारेड बंदुकीमुळे. ती वायूचे तापमान दाखवत नाही, मागच्या पृष्ठभागाचे दाखवते, आणि चकचकीत धातूवर तर तेही चुकीचे. पृष्ठभाग मोजायचाच असेल, तर त्यावर काळी इन्सुलेशन टेप चिकटवून मोजावा. साधे थर्मोकपल चालू जेटमध्ये घालू नये. ते जमिनीला जोडलेल्या सुईसारखे वागते, प्लाझ्मा त्याच्याकडे ओढला जातो, वाचन बिघडते आणि मीटर जळू शकतो. फायबर-ऑप्टिक तापमापक असेल तर उत्तम. नसेल तर प्लाझ्मा बंद केल्यावर लगेच, यांत्रिक दांडीने थर्मोकपल जेटमध्ये आणावे आणि पहिल्या काही सेकंदांच्या वाचनांवरून मागे जाणारी रेषा काढावी. शून्याखालच्या कामासाठी टी प्रकारचे थर्मोकपल के प्रकारापेक्षा भरवशाचे.

प्लाझ्माच्या आतले तापमान मात्र प्रकाशावरूनच काढावे लागते. वातावरणीय दाबावर टकरी इतक्या वारंवार होतात, की रेणूंचे परिवलन-तापमान (स्वतःभोवती फिरण्यावरून ठरणारे) वायूच्या तापमानाशी सहसा जुळलेले असते. नायट्रोजनच्या द्वितीय धन पट्ट्यांपैकी ३३७.१ किंवा ३८०.५ नॅनोमीटरची पट्टी घ्यावी आणि स्पेकएअरसारख्या प्रणालीत काढलेल्या वर्णपटाशी जुळवावी. हायड्रॉक्सिलची ३०६ ते ३१२ नॅनोमीटरची पट्टीही वापरतात. आर्गॉनच्या प्लाझ्मात सावध असावे: आर्गॉनचे दीर्घजीवी उत्तेजित अणू नायट्रोजनला ऊर्जा देताना त्याच्या रेणूंना जादा फिरकी देतात, त्यामुळे नायट्रोजनवरून काढलेले तापमान खऱ्यापेक्षा जास्त येऊ शकते. वर्णपटमापकाचे विभेदन ०.१ नॅनोमीटरच्या आसपास असेल तर आकड्यावर विश्वास ठेवावा. १ नॅनोमीटरच्या छोट्या उपकरणाने ‘गार की गरम’ एवढेच कळते.

सातवी पायरी: प्रत्यक्ष चालवणे

आधी वायू, मग थंडावा, मग हीटर आणि सर्वांत शेवटी उच्च व्होल्टेज, हा क्रम मोडू नये. प्लाझ्मा पेटवल्यावर कंट्रोलरचे संचमान (राखायचे ठरवलेले तापमान) बदलावे लागते. हवे असलेले तापमान वजा (वायूत उतरणारी शक्ती भागिले उष्णताधारकता) हा आकडा कंट्रोलरला द्यावा, दहा मिनिटे थांबावे आणि तोंडाशी मोजलेल्या तापमानावरून एक-दोन अंशांची दुरुस्ती करावी.

वायू गार केला की कणघनता वाढते आणि प्लाझ्मा पेटायला जास्त व्होल्टेज लागते. त्यामुळे दोन तापमानांची तुलना करताना व्होल्टेज सारखे ठेवून उपयोग नाही. लिसाजू आकृतीवरून मोजलेली शक्ती सारखी ठेवावी आणि व्होल्टेजचा आकडा वहीत वेगळा नोंदवावा.

काही जण हप्त्याहप्त्याने प्लाझ्मा पेटवून तापमान उतरवतात, उदाहरणार्थ २० मिलिसेकंद चालू आणि ८० मिलिसेकंद बंद. दाण्याला किंवा त्वचेला पोहोचणारी सरासरी उष्णता त्याने खरोखर पाचव्या हिश्श्यावर येते. पण ४ मिलिमीटर व्यासाच्या नळीत १० लिटर वायू ३ सेंटिमीटर लांबीचा इलेक्ट्रोड २ मिलिसेकंदांतच ओलांडतो. म्हणजे चालू असलेल्या २० मिलिसेकंदांत जो वायू जातो, तो पहिल्याइतकाच तापून जातो आणि त्यातले रसायनही गरम वायूचेच असते. वायू खरोखर गार ठेवायचा असेल, तर चालू राहण्याचा काळ २ मिलिसेकंदांपेक्षा बराच कमी असावा.

जालन्याच्या बियाणे उद्योगामुळे आमच्याकडे येणारे बहुतेक प्रश्न बियाण्यांचेच असतात. बियाणे वाळवतानाही तापमान चाळिशीच्या वर जाऊ देत नाहीत, तीच मर्यादा इथे पाळावी आणि ती दाण्याच्या पृष्ठभागावर मोजावी. सोयाबीनचे साल पातळ आणि नाजूक असल्याने थंड, कोरड्या वायूच्या माऱ्याने ते तडकू शकते, म्हणून ‘जितके गार तितके बरे’ हे इथे चालत नाही. दाण्यांचे तीन गट करावेत: एकाला काहीच नाही, दुसऱ्याला त्याच तापमानाचा आणि त्याच प्रवाहाचा नुसता वायू, तिसऱ्याला प्लाझ्मा. दुसरा गट वगळण्याचा मोह वेळेअभावी फार होतो, आणि नेमका तोच वगळला की तापमान राखण्याची सगळी मेहनत निकालात वापरता येत नाही.

ओझोनचा वास नाकाला जाणवला म्हणजे तो बाहेर ओढण्याची व्यवस्था अपुरी आहे असे समजावे. कामाच्या जागी ०.१ पीपीएम ही मर्यादा मानली जाते. वायू गार केल्याने ओझोन वाढतो, हे लक्षात घेऊन धुराडे थंड प्रयोगाच्या हिशोबाने बसवावे.

बंद करताना आधी उच्च व्होल्टेज आणि मग हीटर बंद करावा. त्यानंतर गुंडाळी थंडाव्यातून बाहेर काढावी, पण वायू वाहताच ठेवावा. तांब्यावरचे पांढरे दहिवर विरघळून नळी कोरडी होईपर्यंत, साधारण अर्धा तास, सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद करू नये. आधी बंद केला तर खोलीतील दमट हवा थंड गुंडाळीत शिरते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पहिले काम नळीतले पाणी काढण्याचे होऊन बसते.